राष्ट्रीय उद्यानाची परिसंस्था शाबूत कशी ठेवायची : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परिसंस्था ‘शाबूत’ आहे म्हणजे नेमकं काय?

त्या प्रदेशात जे प्राणी, झाडं, गवतं, कीटक मुळात असायला हवेत ते पुरेशा संख्येनं आहेत, आणि त्यांना चालवणाऱ्या घडामोडी अजून चालू आहेत. घडामोडी म्हणजे पूर येणं आणि ओसरणं, ठरावीक काळानं आग लागणं, शिकाऱ्यानं भक्ष्य मारणं, बिया लांबवर पोचणं, कळपांनी ऋतूप्रमाणे जागा बदलणं. कॅनडाच्या 2000 सालच्या राष्ट्रीय उद्यान कायद्यानं ही कल्पना थेट कलमात घातली. उद्यानाचा कारभार करताना परिसंस्थेची अखंडता राखणं किंवा ती परत आणणं याला पहिलं प्राधान्य, बाकी सगळं त्यानंतर, असं तो कायदा म्हणतो. त्याच्या व्याख्येत प्रजातींच्या जोडीला ‘बदलाचा वेग’ आणि ‘आधार देणाऱ्या प्रक्रिया’ हेही शब्द आहेत. हिरवंगार दिसणं त्यात कुठेच नाही. घाणेरीनं भरलेलं रानही बारा महिने हिरवंच दिसतं.

मोठ्या शिकारी प्राण्यांची संख्या वाढली म्हणजे सगळं ठीकच ना?

ती चांगली खूण आहे, पण उशिरा कळणारी. कुरण बिघडल्यावर आधी चितळ-सांबरांची पिलं कमी जगतात, मग कळप आटतात, आणि वाघ-सिंहांचा आकडा हलायला त्यानंतर बरीच वर्षं जातात. शिवाय एकाच प्राण्यावर नजर ठेवली की व्यवस्थापनही त्याच्याच सोयीचं होतं. चितळ वाढावेत म्हणून सगळीकडे आखूड गवत ठेवलं, तर उंच गवतात राहणारे आणि घरटी करणारे पक्षी जातात. मोजणीच्या तक्त्यात त्यांचा रकाना नसतो, म्हणून ते गेल्याचंही कळत नाही.

उन्हाळ्यात पाणवठे भरणं तर पुण्याचं काम. त्यात काय चूक?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त विचारला जातो, आणि याचंच उत्तर लोकांना सगळ्यांत कमी आवडतं.

दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर उद्यानात विसाव्या शतकात तीनशेहून जास्त कूपनलिका खोदल्या गेल्या. उत्तरेकडच्या कोरड्या माळावर रोन नावाचं दुर्मीळ हरिण राहत असे. तिथं पाणी तुटपुंजं, म्हणून बाकीचे कळप फिरकत नसत, आणि हेच त्या हरणाचं संरक्षण होतं. बारमाही पाणी झाल्यावर झेब्रे आणि विल्डबीस्ट आले, उंच गवत चरून संपलं, त्यांच्या मागून सिंह आले. 1986 मध्ये सुमारे 450 असलेली रोन हरणं 1993 पर्यंत 45 वर आली. त्यानंतर तिथल्या कूपनलिका बंद करायला सुरुवात झाली.

कारण साधं आहे. कोरड्या प्रदेशात कुठलं कुरण किती काळ विश्रांती घेईल हे पाणी ठरवतं. दर दोन-तीन किलोमीटरवर पाणी ठेवलं की विश्रांतीची जागाच उरत नाही. पाणवठ्याभोवती तुडवून उघडी पडलेली मातीची वर्तुळं रुंदावत जातात आणि एकमेकांना भिडतात. वर गर्दीमुळे आजार पसरतात, आणि विष घालणाऱ्याला किंवा फास लावणाऱ्याला नेमकी जागा सापडते.

तरीही पाणवठा हवाच असेल, उदाहरणार्थ बाहेरच्या धरणामुळे ओढा आटला असेल, तर एवढं पाहा:

- आधी सलग दोन उन्हाळे नैसर्गिक पाणी कुठे आणि कधीपर्यंत टिकतं हे नकाशावर मांडा. ऐन कडक आठवड्यात पायी जाऊन पाहा. उपग्रहाच्या चित्रात झाडाखालचा डोह दिसत नाही.
- जिथं पूर्वी पाणी होतं आणि माणसामुळे गेलं, तिथंच द्या. कोरडा भाग कोरडाच राहू द्या.
- टाकीच्या कडा तिरप्या आणि खरबरीत ठेवा. उभ्या गुळगुळीत सिमेंटच्या टाकीत साळिंदर, पक्षी, पिलं पडून बुडतात. एका बाजूला दगडांचा उतार केला तरी पुरतं.
- सौरपंप असेल तर तरंगता झडपगोळा लावा. पाणी सतत वाहत राहिलं की दलदल होते आणि कडेनं परकं तण उगवतं.
- पहिल्या पावसानंतर पंप बंद. ही तारीख ठरवून लिहून ठेवा, नाहीतर तो वर्षभर चालू राहतो.

घाणेरी (टणटणी) काढतो आणि दोन वर्षांत ती दुप्पट होते. असं का?

कारण ती बहुतेक ठिकाणी चुकीच्या जागी कापली जाते. जमिनीच्या वर छाटलं की बुंध्याच्या गाठीतून एकाऐवजी दहा फांद्या फुटतात. जाळलं तरी तेच. जेसीबी लावला तर माती उलटून खालची बी वर येते, आणि तुटलेल्या बुंध्यांतून नवे फुटवे उभे राहतात. पाहुण्यांना फोटोत रान स्वच्छ दिसतं, पुढच्या पावसाळ्यात गालिचा तयार.

दिल्ली विद्यापीठाचे सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेली मुळाखालून तोडण्याची पद्धत उत्तर भारतात, कॉर्बेट परिसरातही, वापरली गेली. ती अशी:

खोड आणि मूळ जिथं जुळतात त्या पट्ट्यातून फुटवे येतात. बुंध्याभोवतीची माती कुदळीनं जरा मोकळी करायची, आणि त्या पट्ट्याच्या खाली, म्हणजे जमिनीखाली साधारण 3 ते 5 सेंटीमीटरवर, मुख्य मूळ एका घावात तोडायचं. उपटायचं नाही. मग झुडूप उचलून उलटं, मुळं आभाळाकडे करून ठेवायचं. आडवं पडलेलं झुडूप ओल्या मातीला टेकलं की फांदीला मुळं सुटतात, उलटं ठेवलेलं वाळून जातं.

काम फळं धरण्याआधी उरका. फळं लागलेली झुडपं ओढत नेली तर वाटभर पेरणी होते. पक्षी बिया टाकतात त्या बसायच्या फांदीखाली, म्हणून मोठ्या झाडांच्या खालची गोल जागा पुढच्या तीन पावसाळ्यांत दरवेळी तपासून रोपं हातानं उपटा. तीन वर्षांचा पाठपुरावा नसेल तर पहिल्या वर्षीची मजुरी पाण्यात गेली असं समजा.

रिकामी झालेली जागा उघडी सोडू नका. त्याच उद्यानातून गोळा केलेलं स्थानिक गवताचं बी लगेच पसरा. नाहीतर घाणेरीच्या जागी रानमोडी किंवा गाजरगवत येतं.

सुरुवात कुठून करायची? जिथं तण विरळ आहे तिथून, आणि ओढ्याच्या वरच्या अंगानं. सगळ्यांत दाट पट्टा आधी घ्यायचा मोह होतो, पण एका दाट हेक्टरच्या मेहनतीत विरळ भागाचे कितीतरी हेक्टर वाचतात. शिवाय दाट घाणेरीत आता प्राणी आडोसा घेतात, म्हणून तिथं एकदम मोकळं न करता पट्ट्यापट्ट्यानं पुढे सरका.

मोकळ्या माळावर झाडं लावायला स्वयंसेवक तयार आहेत. लावू द्यायची का?

नाही. माळ हे उजाड झालेलं जंगल नव्हे. तिथलं गवत, माळढोक-तणमोर, काळवीट आणि लांडगा हे सगळे मोकळ्या जागेवर अवलंबून असतात. दहा मीटर उंचीचं एक झाड शिकारी पक्ष्याला टेहळणीची जागा देतं आणि आसपासची जमिनीवरची घरटी धोक्यात येतात. स्वयंसेवकांना तण उपटायला द्या, जुनी तारेची कुंपणं आणि फास गोळा करायला द्या.

आग अजिबात लागू द्यायची नाही, हेच धोरण योग्य ना?

ते कुठल्या रानाबद्दल बोलतोय यावर आहे. सदाहरित जंगलात आग परकी आहे आणि ती रोखायलाच हवी. गवताळ प्रदेश आणि काही सूचिपर्णी रानं मात्र आगीसोबतच घडली आहेत. अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानात कित्येक दशकं प्रत्येक आग विझवण्याचं धोरण होतं, ते 1972 मध्ये बदललं. 1988 च्या कोरड्या उन्हाळ्यात उद्यानाचा सुमारे 36 टक्के भाग होरपळला आणि वर्तमानपत्रांनी ‘उद्यान संपलं’ असं लिहिलं. पण तिथल्या लॉजपोल पाइनची बरीच शंकूफळं राळेनं बंद असतात, ती उष्णतेनंच उघडतात. पुढच्या काही वर्षांत जळालेल्या भागावर रोपांची दाटी झाली.

क्रूगरमध्ये 1954 पासून ठरावीक तुकडे ठरावीक अंतरानं जाळून नोंदी ठेवल्या जातात. दरवर्षी त्याच तारखेला तोच तुकडा जाळणं ही एक मोठी चूक. निसर्गात आग कधी लवकर, कधी उशिरा, कधी अर्धवट लागते. म्हणून तुकडे लहान ठेवा, वर्षं बदला, आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांच्या हंगामात हात लावू नका.

जाळरेषा, म्हणजे आग अडवण्यासाठी मोकळा केलेला पट्टा, घेताना लोक चुकतात ते इथं. पानगळीच्या रानात एकदा झाडलेली रेषा महिन्याभरात पुन्हा पानांनी भरते, तेव्हा दुसऱ्यांदा झाडण्याची मजुरी आधीच धरा. रेषा जाळायच्या आधी तिच्या दोन्ही कडा गवत काढून मोकळ्या करा. वारा पडलेला असताना, दुपार कलल्यावर पेटवा, म्हणजे पुढे हवा दमट होत जाते. आणि ज्वाळा विझल्या म्हणून निघून येऊ नका. ओंडक्याच्या पोकळीत विस्तव रात्रभर जिवंत राहतो. राखेवर हाताची मागची बाजू धरून पाहा, ऊब लागली तर पाणी-माती कालवून थंड करा.

गुरांची चराई बंद केली की रान आपोआप सुधारतं का?

बऱ्याचदा हो. नेहमी नाही. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात 1982 मध्ये म्हशींची चराई थांबवली. त्या पाण्यात उतरून एक सरपटणारं पाणगवत खात असत. म्हशी गेल्यावर ते गवत पाण्यावर माजलं, उघडं पाणी आकसलं आणि ज्या पाणपक्ष्यांसाठी बंदी घातली त्यांचीच जागा गेली. बंदीवरून झालेल्या संघर्षात माणसंही मेली.

भारतात वन्यजीव (संरक्षण) कायदा, 1972 चं कलम 35 राष्ट्रीय उद्यानात पाळीव जनावरांच्या चराईला परवानगी देत नाही, त्यामुळे ‘थोडी चराई चालू ठेवू’ हा पर्याय व्यवस्थापकाच्या हातात नसतो. हातात एवढंच असतं: बंदीच्या आधी कुंपण घातलेला आणि शेजारी उघडा असे 10 बाय 10 मीटरचे जोडतुकडे करून दोन-तीन हंगाम पाहणं, आणि गुरं जे काम करत होती ते नंतर कोण करणार हे ठरवणं. कधी ते रानडुकरं-गवे करतात, कधी माणसांनी गवत कापून न्यावं लागतं.

उद्यानातून किंवा कडेनं रस्ता जातोय. भुयारी मार्ग बांधले की पुरे का?

कुंपणाशिवाय भुयारी मार्ग बांधला तर प्राणी वरूनच रस्ता ओलांडतात. मार्गाशिवाय कुंपण घातलं तर अपघात थांबतात, पण रानाचे दोन तुकडे होतात. दोन्ही एकत्रच लागतात.

कॅनडातल्या बॅम्फ उद्यानातला महामार्ग हे सगळ्यांत जास्त अभ्यासलेलं उदाहरण. तिथं 2.4 मीटर उंच कुंपण आहे, त्याची खालची जाळी काही ठिकाणी जमिनीत पुरलेली, म्हणजे खणून येणारे अडतात. जोडीला 6 उन्नत आणि 38 भुयारी मार्ग. वाहनांशी होणाऱ्या धडका 80 टक्क्यांहून जास्त घटल्या, हरणवर्गातल्या तर 96 टक्क्यांहून जास्त. पण लाजऱ्या प्राण्यांना मार्ग सवयीचा व्हायला चार-पाच वर्षं लागली. पहिल्या वर्षीचे कॅमेरे पाहून ‘उपयोग नाही’ असा शेरा मारला असता तर तो चुकीचा ठरला असता. आवडीही वेगळ्या निघाल्या: ग्रिझली अस्वल, लांडगे आणि एल्क (मोठं हरिण) यांना रुंद, उघडा मार्ग हवा, काळं अस्वल आणि कूगर (तिथलं मोठं रानमांजर) अरुंद, आडोशाचा मार्ग पसंत करतात. म्हणून एकच नमुना दहादा बांधू नये.

पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 44 वर महाराष्ट्राच्या बाजूला अशा 9 रचना आहेत, 50 ते 750 मीटर रुंदीच्या. बंदीपूरमधल्या महामार्गावर 2009 पासून रात्री 9 ते सकाळी 6 वाहतूक बंद असते. पैसा नसेल तिथं रात्रबंदीइतका स्वस्त आणि परिणामकारक उपाय दुसरा नाही.

बांधकामात हमखास राहून जाणाऱ्या गोष्टी: कुंपण जिथं संपतं तिथं धडका एकवटतात, म्हणून शेवट उघड्या उतारावर न ठेवता कड्याशी किंवा पुलाशी आणा. चुकून आत आलेल्या प्राण्याला बाहेर उडी मारता येईल असे मातीचे एकतर्फी उतार ठेवा. नाल्याच्या मोरीत पाण्याच्या वर कोरडी कड ठेवा, उदमांजर-मुंगूस तिच्यावरून जातात. आणि भुयाराच्या तोंडाशी चहाची टपरी, दिवा, राहुटी काहीही नको.

वेगमर्यादेचा हिशेब चालकाला असा सांगा. ताशी 60 किलोमीटरला दिसल्यापासून थांबेपर्यंत कोरड्या रस्त्यावर सुमारे 45 मीटर लागतात, 40 ला सुमारे 25. खाली पाडलेल्या दिव्यात दिसतं तेवढंच, साधारण पन्नास मीटर. म्हणजे 60 ला चुकायला जागाच नाही.

गावातल्या कुत्र्यांचा आणि गुरांचा उद्यानाशी काय संबंध?

आजारांचा. 1994 मध्ये टांझानियातल्या सेरेंगेटीत श्वानांच्या डिस्टेंपर विषाणूनं सुमारे हजार सिंह मेले. 2018 मध्ये गीरमध्ये याच विषाणूची लागण झाली. उलट बाजूही पाहा: सेरेंगेटीभोवतीच्या गुरांना बुळकांडीची लस दिल्यावर विल्डबीस्टची पिलं जगू लागली आणि कळप अडीच लाखांवरून 1970 च्या दशकाच्या अखेरीस तेरा लाखांवर गेला. त्यांनी गवत चरल्यानं आगी कमी झाल्या, आणि झाडं वाढली. लस गुरांना, बदल रानात.

भारतीय कायद्यात 5 किलोमीटरच्या आतल्या गुरांच्या लसीकरणाची तरतूद आहे. कुत्र्यांचं लसीकरण करताना रेबीजवर थांबू नका, डिस्टेंपर आणि पार्व्होची लसही द्या. शीतसाखळी तुटलेली लस म्हणजे नुसतं टोचलेलं पाणी. बाटली बर्फाच्या पेटीत आहे का हे शेवटच्या घरापर्यंत पाहा.

सीमेच्या आत सगळं नीट आहे. तरी प्रजाती का कमी होतात?

कारण बऱ्याचदा सीमेबाहेर असतं. गिधाडं कुठल्या उद्यानात कमी बंदोबस्त होता म्हणून संपली नाहीत. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकामुळे, मढं खाल्ल्यावर त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. 2004 मध्ये कारण कळलं, 2006 मध्ये भारतानं पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. अमेरिकेतल्या एव्हरग्लेड्समध्ये वरच्या अंगाच्या शेतांमधलं फॉस्फरस पाण्यातून येतं. तिथली मूळ वनस्पती इतक्या निकस पाण्याला सरावलेली आहे की मर्यादा अब्जात 10 भाग इतकी ठेवावी लागली. त्यापेक्षा वाढलं की पाणकणीस माजतं.

काझीरंग्यात उलट गोष्ट आहे. ब्रह्मपुत्रेचा पूर जलपर्णी वाहून नेतो आणि बीलं (तिथली तळी) ताजी करतो, पण त्या दिवसांत प्राण्यांना महामार्ग ओलांडून कार्बी आंगलाँगच्या टेकड्यांवर जावं लागतं. टेकड्या उद्यानाच्या हद्दीत आहेत का, हे गेंडा विचारत नाही. म्हणून उद्यानाच्या नकाशासोबत पाणलोटाचा आणि भ्रमणमार्गांचा नकाशा टेबलावर हवा.

पर्यटकांनी नेमकं काय टाळावं?

खायला घालणं, गाडीतून उतरणं, मोबाइलवर प्राण्याची जागा कळवून दहा गाड्या बोलावणं. हे सगळ्यांना माहीत असतं. माहीत नसतं ते बुटांचं. तळव्याच्या चिखलातून तणाचं बी आणि बुरशीसारखे रोगजंतू प्रवास करतात. न्यूझीलंडमध्ये कौरी वृक्षांचा रोग असाच पसरतो. आधी ब्रशनं माती पूर्ण काढायची, मगच जंतुनाशक फवारायचं. चिखलावर फवारलेलं औषध आत पोचत नाही. गाड्यांच्या चाकांनाही हाच नियम.

नाहीसा झालेला प्राणी परत सोडला की परिसंस्था परत येते का?

काही अंशी. यलोस्टोनमधले लांडगे 1926 पर्यंत संपवले गेले होते. 1995 आणि 1996 मध्ये कॅनडातून आणलेले 31 सोडले. एल्क कमी झाले, काही ओढ्यांकाठी वाळुंज उंच वाढला. पण जिथं मधल्या काळात ओढ्यावर बांध घालणारे बीव्हर गेले आणि ओढा खोल कापला गेला, तिथं पाण्याची पातळीच खाली गेली आहे, आणि लांडगे ती वर आणू शकत नाहीत. सोडण्याआधी विचारायचा प्रश्न हाच: प्राणी गेला ते कारण गेलं का, आणि तो गेल्यावर जमिनीत काय बदललं?

सगळं मोजायला माणसं नाहीत. काय मोजावं?

प्रत्येक घडामोडीची एक खूण निवडा: पाण्यासाठी ठरलेल्या डोहाची पातळी, गवतासाठी कायमचे चौकोन, शिकारी आणि भक्ष्यासाठी कॅमेरे, तणासाठी त्याची पुढे सरकणारी कड. प्रत्येकीला आधीच चिंतेची मर्यादा ठरवा. क्रूगरमध्ये असंच करतात: आकडा त्या रेषेजवळ गेला की चर्चा सुरू, नाहीतर आकडे नुसते कपाटात साठतात.

गवताचा चौकोन एक मीटरचा, लोखंडी खुंटीनं पक्का, फोटो दरवर्षी त्याच आठवड्यात, त्याच बाजूनं. कॅमेरे जोडीनं, वाटेच्या दोन्ही बाजूंना, गुडघ्याइतक्या उंचीवर. वाघाच्या दोन कुशींवरचे पट्टे वेगळे असतात, एका बाजूच्या फोटोनं तोच वाघ दोनदा मोजला जातो. दोन कॅमेरे अगदी समोरासमोर नकोत, एकाच्या फ्लॅशनं दुसऱ्याचा फोटो पांढरा पडतो. समोरचं तीन-चार मीटर गवत काढा, तोंड उगवत्या-मावळत्या सूर्याकडे नको. आणि सगळ्या कॅमेऱ्यांचं घड्याळ एका वेळेस लावा. चुकलेली तारीख नंतर दुरुस्त करता येत नाही, आणि सगळ्यांत जास्त होणारी चूक तीच.

पैसा आणि माणसं दोन्ही कमी. आधी काय करावं?

आधी नवं नुकसान अडवा: प्रस्तावित रस्ता, कालवा, वीजवाहिनी. एकदा झालेला कालवा कुठलंही बजेट परत भरत नाही. मग भ्रमणमार्गाची सगळ्यांत अरुंद जागा शोधून ती सांभाळा. पश्चिम उत्तर अमेरिकेतल्या उद्यानांच्या 1987 मधल्या अभ्यासात जितकं उद्यान लहान, तितके सस्तन प्राणी जास्त गमावले गेल्याचं दिसलं, आणि जोडलेलं रान हाच लहान उद्यानाला मोठं करण्याचा मार्ग. तिसरं, नव्यानं दिसलेलं परकं तण मूठभर असतानाच उपटा. जुन्या घाणेरीचा मोठा पट्टा पुढच्या वर्षावर गेला तरी चालेल. पाणवठे, मनोरे, कमानी यांचा नंबर सगळ्यांत शेवटी, आणि कमानींचा तर त्याहूनही नंतर.